भाड्याचं रुखवत

आमच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसून गेलेला माणूस घरी जाऊन आधी हसतो. मला ठाऊक आहे. "त्या काकूंच्यात गेलतो, काय झालं सांगतो," अशी सुरुवात करतो आणि चहा गार होईपर्यंत सांगत बसतो. असं एकाचं एकाला करत करत हे किस्से इतके साठलेत, की परवा एका पाहुण्यानं मलाच माझा किस्सा सांगितला. आणि तोही चुकीचा! त्यात मी रडले होते म्हणे. मी? म्हणून म्हटलं, आता आपणच लिहून काढावं. एक मात्र आधीच सांगून ठेवते. तुम्हाला हसू आलं तर ते तुमचं तुम्ही बघा. मला ह्यातल्या प्रत्येक वेळी राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

आम्ही तिघी. नातं कसलं नाही, काम एक. मी, शालन आणि आक्काताई. माझी शाळा चौथीपर्यंत. शिवण, भरतकाम, कातरकाम सगळं बघून बघून आणि उसवून उसवून शिकले. कुणाच्या क्लासची पायरी चढले नाही. शालन सरकारी दवाखान्यातनं नर्स म्हणून रिटायर झाली. आक्काताई माहेरची निपाणीकडची, रागावली की कानडीत शिरते, त्यामुळं निम्मा दिवस कानडीतच असते. जुन्या साड्या, फाटक्या पँटी, इचलकरंजीच्या मागावरनं निघालेल्या कापडाच्या कडा, लग्नपत्रिका, करवंट्या, रिकामे डबे, जे येईल त्यातनं आम्ही वस्तू करतो. बाळाची दुपटी, वाढदिवसाच्या भेटी, आणि मुख्य म्हणजे लग्नातलं रुखवत. मुलीकडच्यांनी टेबलावर मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी बघायचं, ते. नवरी स्वतः करायची म्हणून त्याला मान होता. आता मान राहिलाय, नवरी गेली.

ह्या वर्षी आमच्या ऋतुजाचं लग्न ठरलं. माझी नात. तिच्या रुखवताला तिचा स्वतःचा हात लागलेला असावा, एवढंच मला हवं होतं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आमच्या सूनबाई, संगीता, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आत्या, पाहुणं मोठं हाईत. त्यांच्यासमोर भंगार मांडायचं व्हय?"

भंगार! पुढचं सगळं ह्या एका शब्दावरनं पेटलंय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

*

आम्ही जुन्यातनं नवं करतो हे गल्लीत कळलं आणि लोकांना वाटलं, ह्यांचं दार म्हणजे कचरा टाकायची जागा. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यात पिशवी. आत काय? फुटकी बादली. एका पायाची चप्पल. एकदा तर बिघडलेला मिक्सर, भांड्यात वाटलेली चटणी तशीच! आणि ठेवून जाणाऱ्याच्या तोंडावर काय समाधान! आपण मोठं दान केलं, असं वाटतं त्यांना.

समोरच्या अपार्टमेंटातल्या वहिनी तर स्वतः हातात धरून आल्या. त्यांनी बाथरूम नवीन केलं होतं. हातात कमोडचं जुनं झाकण. सीटसकट!

"काकू, कंपनीचं हाय. टाकवंना बघा. तुमच्याकडं ह्याचं काय तरी होईल की!"

शालन खाली मान घालून हसायला लागली. आक्काताईनं नाकाला पदर लावला. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं, उजेडात धरून बघितलं.

"झकास होईल," म्हटलं. "तुमचा आणि भावजींचा लग्नातला फोटो द्या. ह्यात बसवून, फ्रेम करून देते. हॉलमध्ये टांगा, आणि आल्यागेल्याला सांगा, काकूंनी केलंय!"

तेव्हापासून उंबऱ्यात पिशवी आलेली नाही. वहिनी अजून बोलत नाहीत. दोन्ही बरं झालं.

हे घरी सांगितलं तर संगीता म्हणते, "बघा आत्या, लोक बी त्याला भंगारच समजत्यात." म्हणजे अक्कल गहाण टाकली वहिनींनी, आणि शिकवण मला!

*

आमच्या चौकात झाडांपेक्षा फ्लेक्स जास्त. ह्याचा वाढदिवस, त्याची निवड, तिसऱ्याच्या बैलाचा नंबर आला. केक कापून होतो, फटाके वाजून होतात, आणि फ्लेक्स तिथंच लोंबत राहतो. एका भावी नगरसेवकाचा असाच लोंबत होता. एका बाजूची दोरी तुटलेली, कान फाटलेला. वारं सुटलं की ते तोंड येणाऱ्या-जाणाऱ्याला फडाफडा मारायचं. एका मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांवर जाऊन बसलं आणि तो पडता पडता वाचला, तेव्हा शालन कात्री घेऊन गेली आणि फ्लेक्स काढूनच आणला. धुतला, कापला, भाजीच्या पिशव्या शिवल्या. भिजत नाहीत, फाटत नाहीत.

आता कापताना शालननं माप बघितलं, माणूस बघितला नाही. साहेबांचं तोंड आलं पिशवीच्या बुडाला.

कार्यकर्ते आले की लगेच! गॉगल, हातात कडं, सोप्यात चपला घालून.

"काकू, साहेबांच्या तोंडावर कांदं-बटाटं? अपमान हाय ह्यो!"

माझं टाळकं सरकलं. "आणि चौकात त्याच्या डोक्यावर कावळं बसत होतं, तवा मान होता व्हय रे? उतरवायला एक जण फिरकला न्हाई तुमच्यातला! आमच्यामुळं तुमचा साहेब पहिल्यांदा मंडईत गेला. न्हाईतर त्याला दोडका कसा दिसतोय, ते तरी कळलं असतं का? आणि आधी चपला काढा!"

तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेले. "साहेबास्नी सांगतो," म्हणाले. मी म्हटलं, सांगा. आता येईल तो भांडायला.

दुसऱ्या दिवशी आली ती त्याची आई. काठी टेकत, एकटीच. मी पदर खोचून दारात उभी राहिले. म्हातारीनं दम खाल्ला, इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाली,

"बाई, माझ्या लेकाचं तोंड असल्याली पिशवी हाय न्हवं तुमच्यात? एक द्या. घरात दिसतच न्हाई त्यो."

*

'टाकाऊतून टिकाऊ' ह्या शब्दांनी माझ्या अंगाची आग होते. टाकणारा एक असतो आणि टिकवणारी दुसरीच असते, हे त्यात कुठंच येत नाही.

एका महिला मंडळानं त्याच नावाच्या स्पर्धेला आम्हाला परीक्षक म्हणून बोलावलं. एसी हॉल, टेबलांची ओळ, प्रत्येक टेबलामागं एक नटलेली बाई. संगीता म्हणाली, "जा की आत्या, नाव होतंय." गेलो.

पहिल्या टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला. मी कौतुकानं विचारलं, "एवढं आइस्क्रीम कुणी खाल्लं?"

"खाल्लं नाही हो काकू! काड्यांचं पाकीट मिळतं ना दुकानात. कोऱ्या असतात, हायजिनिक."

पुढच्या टेबलावर कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं झुंबर. बाटल्या नव्या आणल्या होत्या, आणि आतलं सगळं बेसिनमध्ये ओतून दिलं होतं. का? "शुगर असते हो त्यात!" त्याच्या पुढं जुन्या जीनची पर्स. मला जरा बरं वाटलं. हात लावून बघते तर कापड करकरीत. म्हटलं, ही जुनी कुठली? तर ती बाई लाजून म्हणाली, "जुन्या सगळ्या कामवाल्या मावशींना देऊन टाकल्या होत्या. मग एक नवीन घेतली."

मी माईक घेतला. मला कुणी दिला नव्हता.

"नवं आणायचं, त्याची वाट लावायची आणि बक्षीस मागायचं! ह्यातलं टाकाऊ कुठलं, एवढं मला कुणी तरी सांगा. काय वाया गेलेलं हाय हितं?"

मागच्या खुर्चीतनं आक्काताईचा आवाज आला, "आपली आख्खी दुपार! उठ आता, साकू!"

साकू म्हणजे कानडीत पुरे. हॉलमधल्या बायकांना कानडी येत नव्हती, पण कळलं सगळ्यांना.

*

आता सांगते तो किस्सा लोक हसत सांगत नाहीत. सांगतच नाहीत. म्हणून मी सांगते.

एक बाई मुलीच्या रुखवताची ऑर्डर द्यायला आल्या. गाडीतनं. मोठं कुंकू, हातभर बांगड्या, आवाज साखरेचा. शालननं जुन्या लग्नपत्रिकांवरचे सोनेरी गणपती कापून तोरण केलं होतं. ते बघून तर बाई हरखून गेल्या. "काय स्वच्छ हात आहे हो तुमचा!" मग लाडू, करंज्या, शेवया, रुखवतातलं खायचं काय काय करायचं ते ठरलं. ते पण शालनच करते. तिच्यासारखी करंजीची मुरड मलाही जमत नाही.

सगळं ठरलं आणि बाईंनी सहज विचारल्यासारखं शालनला विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

शालननं सांगितलं.

"म्हणजे मूळचे कुठले?"

शालननं गाव सांगितलं.

"गावात घर कुठल्या बाजूला?"

"बौद्ध हाय आम्ही," शालन म्हणाली. "एवढं लांबनं कशाला येताय? सरळ विचारा की."

बाईंचा आवाज आणखी गोड झाला. "छे छे, तसं काही नाही हो! आम्ही नाही मानत. तोरण, वाकळ, ते सगळं तुम्हीच करा. फक्त खायचं तेवढं... आमच्यात जुनी माणसं आहेत ना! ते दुसरीकडनं करून घेऊ."

माझा हात कात्रीवर गेला होता, खोटं कशाला सांगू! शालननं मला डोळ्यानंच गप्प केलं.

"मुलगी कुठं झाली तुमची?" तिनं बाईंना विचारलं. "कुठल्या दवाखान्यात?"

बाई जरा बुचकळ्यात पडल्या. "इथंच की. सरकारी दवाखान्यात. अडले होते मी, मग रात्री तिथंच नेलं."

"माझी सगळी नोकरी तिथल्याच बाळंतिणींच्या वॉर्डात गेली," शालन म्हणाली. "अडलेल्या बाईचं पोर आधी आमच्या हातात यायचं, मग आईच्या. खायचं दुसरीकडनं आणताय न्हवं? मग नवरी बी दुसरीकडनंच आणा."

आमच्या गल्लीत गाडी वळायला जागा नाही. बाई आल्या होत्या सरळ, गेल्या रिव्हर्समध्ये.

*

भाड्याचं रुखवत मी पहिल्यांदा बघितलं ते गडमुडशिंगीकडच्या एका हॉलमध्ये. आक्काताईच्या ओळखीतलं लग्न, मुलीचा बाप गुळाचा व्यापारी. टेबलावर थर्माकोलचं देऊळ, मोत्यांच्या बाहुल्या, लाल-निळे दिवे आणि वर कार्ड: 'सर्व कलाकुसर चि. सौ. कां. पूजा हिच्या हातची.'

नवरीचं नाव स्नेहल!

आदल्या लग्नातलं कार्ड बदलायचं राहिलं होतं. मी आणि आक्काताईनं एकमेकींकडं बघितलं, तोवर नवऱ्याची आत्या चष्मा लावून पुढं सरकली. मोठ्यानं वाचलं. "ही पूजा कोण वो?"

मुलीचा बाप हळदीनं पिवळा होताच, तो आणखी पिवळा झाला. पण माणूस बाजारात मुरलेला. पापणीसुद्धा हलली नाही.

"धाकटी," म्हणाला. "लई कलाकार पोरगी!"

त्याला धाकटी मुलगी नाही. थोरली नाही, मधली नाही. स्नेहल एकुलती एक!

"मग दिसली न्हाई कुठं?"

"परीक्षा हाय तिची. पुण्यात असती."

आक्काताई "अय्य शिवा, शिवा" करत पदरात तोंड घालून बसली. मी दात खात होते. उठून सांगणार होते सगळ्यांना, पण नवरीचं उतरलेलं तोंड बघितलं आणि मुकाट्यानं जेवायच्या पंगतीला गेले. जेवण गेलं नाही. स्नेहलचं लग्न जमवताना त्या बापाच्या चपला झिजल्या होत्या. एक स्थळ धड येत नव्हतं.

आणि त्या एका कार्डावर महिन्याभरात पूजाला तीन स्थळं आली. त्यातलं एक तर फॉरेनचं!

हे सगळं मी संगीताला शब्दन् शब्द सांगितलं आणि विचारलं, "असलं मांडायचं हाय ऋतुजाच्या लग्नात?"

संगीतानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "न्हाई आत्या. आपण नाव आधी तपासून घेऊ."

*

मग रुखवत भाड्यानं देणारा एक इव्हेंटवाला घरी आला. टॅबवर बोट फिरवत एकेक थीम दाखवायला लागला. रॉयल थीम, गावाकडची थीम, इको-फ्रेंडली थीम.

"इको-फ्रेंडली म्हणजे काय वो पावणं?" मी विचारलं.

"आज्जी, सगळं निसर्गातलं. ही तुळस, ही गाय, ह्या शेणी."

"कशाच्या?"

"प्लॅस्टिकच्या. वास येत नाही. धुता येतात."

शेणी! प्लॅस्टिकच्या शेणी! ज्या गावात शेण थापून, दारोदार शेणी विकून बायकांनी संसार केले, तिथं हा मला धुता येणाऱ्या शेणी दाखवत होता. मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचा फोटो काढला. गावाकडची थीम. "ह्याला लई डिमांड आहे. ह्यात जात्यावर बसलेली आज्जी येते. फायबरची. लुगडं नेसवलेली असते, बटण दाबलं की हात फिरतो."

मी त्याच्यापासनं हातभर लांब बसले होते. लुगडं नेसून. सुईत दोरा ओवत.

"आणि ही जिती बसलीया," म्हटलं, "ही चालत न्हाई व्हय तुमच्या थीमात?"

इव्हेंटवाला माझ्याकडं बघतो, टॅबकडं बघतो, परत माझ्याकडं बघतो. संगीता चहा घेऊन आली होती. एरवी ती माझ्यासमोर आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाली,

"फायबरची गप बसती, आत्या!"

त्या दिवशी मी तिच्या हातचं जेवले नाही. वाक्य मात्र चांगलं होतं. चांगल्याला मी चांगलंच म्हणते.

*

ऋतुजा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. मी जन्मभर हे फुकट केलं!

तिला मी समोर बसवून सांगितलं, "तुझ्या आईला भाड्याचं मांडायचं तर मांडू दे. पण 'नवरीनं स्वतः केलं' असं म्हणायचं असंल, तर तुझ्या हातचं काय तरी खरं पाहिजे त्या टेबलावर. न्हाईतर मी लग्नाला येणार न्हाई. खोट्यावर अक्षता टाकायला माझा हात उठायचा न्हाई."

"आज्जी, मला कुठं काय येतंय?"

"मग शीक."

सुट्टीच्या दिवशी पोरगी सोप्यात येऊन बसली. कंपनीच्या युनिफॉर्मचे विटके निळे शर्ट घेऊन आली. त्याचं बसकर करायचं ठरलं. बसकर म्हणजे बसायला खाली घालायची छोटी वाकळ. आत माझ्या जुन्या साड्यांचे थर, वर तिचे शर्ट. एका शर्टाचा खिसा तसाच ठेवायचा, सासूला चष्मा ठेवायला. हे डोकं तिचंच. मला आवडलं होतं, पण तसं मी बोलले नाही. लगेच कौतुक केलं की हात ढिला पडतो.

टाके मात्र! एक टाका राधानगरीला, तर दुसरा जोतिबाला! मी उसवले. तिनं परत घातले. मी परत उसवले.

"आवं राहू द्या की काकू," शालन म्हणाली. "लेकरू हाय."

"लग्न ठरलंय लेकराचं!"

ऋतुजानं सुई टोचलेलं बोट तोंडात घातलं आणि वर बघितलं. "आज्जी, आमच्या कंपनीत इतका माल रिजेक्ट झाला तर मशिन बदलत्यात. माणसाला बोलत न्हाईत."

"मशिन बदलायचंय? बदल की! सासरी चाललीयासच. तिथली सासू शिकवती का बघ!"

"यव्वा!" आक्काताईनं कपाळाला हात लावला.

पोरगी उठली. बसकर गुंडाळलं, काखेत मारलं, गेली. त्यानंतर सोप्यात फिरकली नाही. अर्धे टाकेसुद्धा झाले नव्हते. मीही विचारलं नाही. मी का विचारू?

संगीतानं रॉयल थीम बुक केली. कार्डासकट. नाव तपासून.

*

लग्नाला मी जाणार नव्हते. घरातल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मुलगा येऊन बसला, उठून गेला. संगीता नवं लुगडं ठेवून गेली. मी घडीसुद्धा मोडली नाही. सकाळी सगळे हॉलवर गेले आणि शालन, आक्काताई नटूनथटून दारात.

"मी येणार न्हाई."

"नका येऊ," शालन म्हणाली. "नुसत्या रिक्षात बसा."

"आणि त्या टेबलाकडं मी बघणार न्हाई!"

"नगं बघू गं," आक्काताई म्हणाली. "पाठ करून बस."

तशीच बसले. सगळा हॉल स्टेजकडं तोंड करून, आणि मी पहिल्या ओळीत खुर्ची उलटी फिरवून, स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून. वाढपी माझ्याकडं बघून बिचकत होते. पाहुण्यांनी विचारलं तर शालन सांगत होती, "मानेचा त्रास हाय त्यास्नी."

अक्षता पडल्या. त्या मी टाकल्या नाहीत, मुठीत तशाच धरून ठेवल्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईचा आवाज स्पीकरमधनं घुमायला लागला. "आता वरमाई येत आहेत रुखवत पाहायला! आपल्या लाडक्या ऋतुजानं आपल्या कोमल हातांनी साकारलेलं हे शाही रुखवत! टाळ्या!"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "उठते मी," म्हटलं.

"बस!" आक्काताईनं माझा गुडघा दाबून धरला आणि मान वळवून मला सगळं सांगायला लागली. मी विचारलं नव्हतं. "विहीण टेबलापाशी गेली. राजवाडा बघाय लागलीया, दिवं लागल्यालं. फोटोसाठी ऋतुजाला बी शेजारी उभी केलीया. त्या माईकवाल्या बाईनं माईक दोघींच्या मधी धरलाय. संगीता हसायलीया. आता विहीण वाकली. काय तरी उचललं."

"काय उचललं?"

"निळं दिसतंय. शालन, बघ की गं, माझा चष्मा न्हाई."

शालन उठून उभी राहिली.

"बसकर हाय," म्हणाली.

मी मान वळवली नाही. मुठीतल्या अक्षता ओल्या झाल्या होत्या.

"विहीण उलटं करून बघतीया," शालन म्हणाली. "मागनं."

तेवढ्यात स्पीकरमधनं विहीणबाईंचा आवाज आला. सगळ्या हॉलभर.

"अगं, ह्यात सुई राहिलीया."

"राहिली न्हाई, आत्या," ऋतुजाचा आवाज. "अजून अर्धं व्हायचंय."

"तू केलंस?"

"व्हय. उसवल्यालं धरलं तर लई केलंय."

मी उठले. खुर्ची उचलली आणि सरळ फिरवून ठेवली. नवरी शालूत उभी होती, तिच्यामागं लाल-निळा राजवाडा लुकलुकत होता, आणि विहीणबाई बसकराच्या खिशात बोटं घालून बघत होत्या.

"आणि हे बाकीचं सगळं?" त्यांनी विचारलं.

"ऋतू!" संगीता पुटपुटली. तेही स्पीकरमधनं आलं.

"बाकीचं पुरं झालंय, आत्या," ऋतुजा म्हणाली. "संध्याकाळी टेम्पो न्यायला येणाराय."